पनवेलच्या खाडीवरचं रोमन साम्राज्य

रोमन साम्राज्य बुडालं असं शाळेत शिकवतात. मीही नोकरीभर तेच शिकवलं. पण ते बुडालेलं नाही. नवीन पनवेलमधल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर ते नकाशे आणि मातीच्या सैनिकांसकट सुखरूप पसरलेलं आहे, आणि त्याला धक्का लागू नये म्हणून आम्ही दोघं सोफ्यावर बसून मांडीवर ताट घेऊन जेवतो.

हा उद्योग माझ्या नवऱ्याचा. बंदर खात्यात त्याची सगळी नोकरी खाड्यांमधला गाळ काढण्यात गेली. निवृत्त झाल्यावर माणसं काय काय करतात. कोणी गच्चीवर भाज्या लावतं, कोणी उठल्या उठल्या व्हॉट्सॲपवर देश चालवायला घेतं. माझ्या नवऱ्याने रोमचा इतिहास दुरुस्त करायला घेतला. घडलं होतं ते असं: रोमचा एक म्हातारा सम्राट लढत लढत पूर्वेला इराणच्या आखातापर्यंत पोहोचला. तिथे त्याला हिंदुस्थानकडे निघालेलं एक जहाज दिसलं आणि तो हळहळला, म्हणे वय असतं तर मीही गेलो असतो. मग तो मेला. त्याच्यामागून गादीवर आलेल्याने विचार केला, इतक्या लांबची सीमा राखत बसणं आपल्याला झेपणार नाही, आणि टायग्रिस नदीपर्यंतचा नवा जिंकलेला मुलूख सरळ सोडून दिला.

माझ्या मते त्या घराण्यातला तो एकच शहाणा माणूस. पण नवऱ्याच्या हे जिव्हारी लागलं.

"सोडून दिला?" तो मला विचारायचा, जणू मीच दिला. "उपसलेला गाळ कोणी परत खाडीत टाकतं का?"

म्हणून त्याच्या पुस्तकात त्याने सम्राटाचं वय कमी केलं, प्रकृती सुधारली आणि त्याला जहाजात बसवून थेट चौलला उतरवलं. तिथून पुढे रोमची पूर्व सीमा आमच्या अंगणातून जाते. मोठी छावणी पनवेलच्या खाडीवर, टेहळणीचे बुरूज बेलपाड्याच्या वरच्या डोंगरावर, आरमार करंजाला. याला कादंबरी म्हटलं की तो चिडतो. हा पर्यायी इतिहास आहे आणि त्यातली प्रत्येक गोष्ट शक्यतेच्या कसोटीवर घासून घेतलेली आहे, असं तो कोणालाही ऐकवतो. दूधवाल्यालाही ऐकवलंय.

"तुझ्या सैनिकांच्या पायात काय असतं?" मी एकदा विचारलं.

"चामड्याच्या जाड चपला. खाली खिळे ठोकलेले."

"पनवेलच्या पावसाळ्यात त्यांना बुरशी येईल."

"शिस्तीचे लोक होते ते."

"बुरशीला शिस्त कळते का?"

त्यावर तो आठवडाभर माझ्याशी मोजकंच बोलला. पुस्तकात मात्र पुढच्या प्रकरणात सैन्य अनवाणी झालं होतं, आणि त्याचं कारण म्हणून स्थानिक हवामानाचा सखोल अभ्यास असा उल्लेख होता. तो अभ्यास म्हणजे मी.

करंजाला तो आरमाराची जागा पाहायला गेला तेव्हा मलाही ओढत नेलं. धक्क्यावर बोटी लागलेल्या, माशांचा लिलाव ऐन रंगात, आणि हा मधोमध उभा राहून दोन्ही हात पसरून बंदराचं तोंड किती रुंद आहे त्याचा अंदाज घेतोय. एका कोळणीने टोपली खाली ठेवली. "काय मोजताव ओ? मच्छी घ्यायची हाय का नाय? नाय तं बाजूला व्हा, वाट आडवलीव." रोमच्या आरमाराने निमूटपणे दोन वाटे सुकट घेतली आणि माघार घेतली. घरी येईपर्यंत गाडीत वास मारत होता. त्या प्रकरणात त्या बाईचा उल्लेख नाही.

बुरुजांसाठी आणखी एक टेकडी त्याने हेरली होती, पण ती नव्या विमानतळासाठी सुरुंग लावून उडवून टाकली गेली. उजव्या बाजूची फळी फुटल्याचं दुःख त्याला मनापासून झालं. दोन दिवस जेवला नाही नीट.

या सगळ्याला एकच वाचक होता आणि तो आमच्या समोरच्या दारात राहायचा. आम्ही त्यांना दादा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला ताई. दादा रेल्वेतून निवृत्त झालेले, ताई बँकेतून. ते बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. फार फार पूर्वी जहाज फुटून वाचलेली काही माणसं नवगावच्या किनाऱ्याला लागली आणि आम्ही त्यांचे वंशज, असं त्यांच्या घरात सांगतात. तेव्हापासून ते मराठी बोलतात, शनिवार पाळतात आणि आडनाव गावावरून लावतात. त्यांचे बरेच नातेवाईक इस्रायलला निघून गेले. एकुलता मुलगाही शाळा संपल्या संपल्या मामाकडे गेला, तिकडेच शिकला, अश्दोदला नोकरीला लागला. दादा गेले नाहीत. तिथे ताजं पापलेट मिळत नाही, हे त्यांनी दिलेलं कारण होतं आणि त्यावर ते ठाम होते.

नवऱ्याने लिहिलेलं दादा शब्दन् शब्द वाचायचे आणि मग आमच्या सोफ्यावर बसून त्याची सालं काढायचे. हे दोघं बोलत बसले की मी चहा ठेवून तिथेच थांबायची, कारण एवढी फुकटची करमणूक पनवेलमध्ये दुसरीकडे नव्हती.

"तुझ्या या इतिहासात मी कुठे आहे?" दादांनी एकदा विचारलं.

नवरा खुलला. "तू जेरुसलेमला, अगदी मजेत. हे बघ, पूर्वेची सीमा पक्की करायची तर पिछाडीला बंड असून चालत नाही. म्हणून मी थोडा आणखी मागे गेलो आणि तुमचं मंदिर जाळलंच नाही. तुमची पांगापांग रद्द."

"उपकार झाले. पण आमचे लोक त्याच्याही आधी निघाले होते असं काही जण सांगतात. तुझ्या परवानगीसाठी थांबले नाहीत."

"मग ते जहाज मी फुटू देत नाही."

"म्हणजे मी पनवेलला येतच नाही."

"येण्याची गरजच पडत नाही!"

दादांनी चष्मा काढून पुसला. "एवढ्या मोठ्या सैन्याचा खटाटोप करून शेवटी तू काय केलंस, तर शेजारी घालवलास," ते म्हणाले. नवरा हसला नाही. त्याने नोंद करून घेतली, या मुद्द्यावर विचार करावा लागेल म्हणून. विनोद कळायला त्याला नेहमीच उशीर लागतो.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात दादा गेले. दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. मुलगा आला, सगळं यथासांग झालं, आणि तो परत गेला. नवऱ्याचं लिखाण त्यानंतर महिनाभर बंद होतं. मी टेबलावरची धूळ पुसायला गेले तर म्हणाला, राहू दे, आता घाई नाही, वाचायला कोण आहे. मला त्या वेळी पहिल्यांदा त्या टेबलाचा राग आला नाही.

मग वर्षश्राद्धासारखा त्यांचा दिवस जवळ आला. ताईंना एकच गोष्ट हवी होती: त्या दिवशी याच घरात, दादांसाठी मुलाच्या तोंडून कद्दिश म्हटली जावी. कद्दिश ही मेलेल्या आईबापांसाठी मुलाने म्हणायची प्रार्थना. पण ती एकट्याने म्हणता येत नाही. तेरा वर्षांवरचे त्यांच्या धर्माचे दहा पुरुष हजर लागतात. नऊ असले तर नाही म्हणायची. बायका त्यात धरत नाहीत. याबद्दल मला काय वाटतं ते मी ताईंना स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, "वहिनी, मलाही तेच वाटतं. पण हे जुन्या वळणाचे होते. त्यांचं त्यांच्याच पद्धतीने होऊ दे. पुढच्या वर्षी मी इथे असेन की नाही कोण जाणे."

हे शेवटचं वाक्य मला लागलं. मुलगा त्यांना तिकडे बोलावत होता, हे मला माहीत होतं.

पूर्वी दहा माणसं म्हणजे काहीच नव्हतं, ताई सांगायच्या, एका गल्लीत मिळायची. आता त्यांनी फोनवर फोन लावले. अलिबागच्या एकांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. एक कॅनडात मुलीकडे. ठाण्याला बरेच लोक आहेत, पण त्याच रविवारी तिथे मोठं लग्न. पनवेल, पेण, मुंबई करत करत शेवटी नऊ जण हो म्हणाले. दहावा मुलगा. त्याचं तिकीट झालेलं होतं.

आणि मग तिकडे पुन्हा सुरू झालं. टीव्हीवर तेच ते नकाशे, तेच बाण, तेच तावातावाने बोलणारे निवृत्त अधिकारी. विमानं बंद झाली. मुलाचा फोन आला की विमान रद्द झालंय, आणि ते चालू असतं तरी उपयोग नव्हता, कारण राखीव सैनिकांना बोलावलंय आणि त्याला सीमेवर हजर व्हायचंय. तो एरवी एका कंपनीत फ्रीज दुरुस्त करतो.

ताई आमच्याकडे येऊन बसल्या. माझा नवरा, देवाने त्याला अक्कल द्यावी, टीव्हीकडे बघत म्हणाला, "पूर्वेची सीमा कायम अशीच. मी तिथे दोन लीजन जास्त ठेवली असती तर..." मी त्याच्याकडे असं बघितलं की पुढचं वाक्य त्याच्या घशातच राहिलं. लीजन म्हणजे पाचेक हजार सैनिकांची तुकडी, हे आमच्या घरात आता झुरळांनाही माहीत आहे. टेबलावर त्याची तीन आहेत. अलीकडच्या काठावर पंधरा हजार माणूस उभा, आणि समोरच्या घरात एक पुरुष कमी पडतोय.

ताईंनी फोन हातात घेतला. ठाण्याच्या लग्नातून एक जण निघून येईल का ते बघते, एवढंच म्हणाल्या.

रविवारी त्यांचं घर भरलं. मलिद्याचं ताट आम्ही दोघींनी मिळून केलं: भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची, वर फळं. प्रार्थना सांगणारे म्हातारे गृहस्थ पेणहून लवकरच आले होते. एकेक करत नऊ जण झाले. ठाण्याचा माणूस निघाला होता. त्याचा दर अर्ध्या तासाने फोन येत होता आणि दर वेळी तो शिळफाट्यालाच होता. कुठेतरी कंटेनर उलटला होता. सूर्य मावळायच्या आत प्रार्थना व्हायला हवी, आणि सूर्य काही शिळफाट्याला अडकत नाही. शेवटी त्याने सांगून टाकलं की आता पुढेही जाता येत नाही आणि मागेही नाही.

नेमका याच वेळी माझा नवरा गायब होता. मला वाटलं, चला, निदान गप्प तरी बसलाय कुठेतरी. तो आला तो सेना घेऊन.

आमच्या सोसायटीच्या गेटजवळ बाकं आहेत, तिथे निवृत्त मंडळींचा कट्टा भरतो. त्या कट्ट्यावरचे सहा जण त्याने गोळा केले होते. सगळे आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून. दादांच्या घरी प्रार्थनेला डोकं झाकावं लागतं हे त्यांना माहीत होतं, म्हणून जे सापडलं ते डोक्यावर चढवलेलं. एकाची गांधीटोपी, तिघांच्या क्रिकेटच्या टोप्या, एकाने मुलीच्या लग्नातला गुलाबी फेटा काढलेला. एकाला काहीच मिळालं नाही म्हणून तो रुमालाला चार गाठी मारून आला होता. सगळ्यात पुढे माझा नवरा, मी स्वेटरबरोबर विणलेली लोकरीची टोपी घालून, ऐन उन्हाळ्यात.

"एक कमी होता ना? सात आणलेत," तो ताईंना म्हणाला. मग आवाज खाली आणून पेणच्या म्हाताऱ्यांना समजावू लागला. सीमेवर रोमचे स्वतःचे सैनिक कमी पडले की तिथल्याच लोकांमधून सहायक सेना उभारत. प्रामाणिकपणे उभे राहिले की त्यांनाही मान्यता मिळे. ही अगदी सिद्ध झालेली पद्धत आहे.

मला भिंतीत शिरावंसं वाटलं. आणि खरं सांगते, त्याच वेळी त्या लोकरी टोपीखालचा त्याचा घामेजलेला चेहरा बघून मला रडूही आलं. इतक्या वर्षांत त्याने दुसऱ्यासाठी केलेली ही एकमेव हालचाल होती आणि तीसुद्धा रोमन होती.

म्हाताऱ्यांनी त्याला टोकलं नाही. "या, बसा सगळे," म्हणाले. मग ते पुरुषांच्या ओळीसमोर उभे राहिले. त्यांच्यात माणसं एक, दोन, तीन करून मोजत नाहीत. एका जुन्या प्रार्थनेत नेमके दहा शब्द आहेत, त्यातला एकेक शब्द एकेका माणसाकडे बघून म्हणतात. शब्द संपले की माणसं पुरली. पहिला शब्द स्वतःसाठी म्हणून त्यांनी सुरुवात केली. एकेक शब्द एकेकाच्या वाट्याला जात होता. नववा शब्द बोरिवलीहून आलेल्या एका तरुणाला मिळाला. त्याच्या शेजारी माझा नवरा उभा होता. त्याने छाती पुढे काढली, टोपी सारखी केली आणि वाट बघत राहिला.

म्हाताऱ्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग हळूच त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दहावा शब्द न म्हणताच ते मागे वळले.

"तुमचं येणं वर त्याच्यापर्यंत पोचलं," ते म्हणाले. "पण हे नाही करता येणार."

बाकीच्या प्रार्थना झाल्या. कद्दिश झाली नाही. कोणीतरी सुचवलं की मुलाला व्हिडिओ कॉलवर घ्या, हल्ली चालतं. म्हाताऱ्यांनी मान हलवली. माणूस म्हणजे खोलीत बसलेला माणूस, त्यांच्या लेखी. ताईंनी डोळे पुसले नाहीत, आवाज चढवला नाही. त्या मलिद्याच्या वाट्या भरायला लागल्या आणि एकेकाच्या हातात देत गेल्या, फेट्यालाही आणि रुमालालाही. मी त्यांच्या मागे चमचे घेऊन फिरत होते.

तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. मुलगा होता. ताईंचे हात गुळाने माखलेले, म्हणून मीच स्पीकर लावला.

"आई, झालं का तुमच्याकडे?"

"नाही रे. एक कमी पडला."

मागून गाड्यांचे आवाज येत होते. "माझं झालं," तो म्हणाला. "दुपारी इथे तंबूत विचारलं, बाबांसाठी म्हणायचीय, कोण येतं. मिनिटभरात दहाच्या वर झाले. इथे माणसांना काय कमी, आई. सगळे इथेच आणून ठेवलेत."

"म्हणजे झाली?"

"झाली. अख्खी म्हटली. एका ठिकाणी अडकलो, पण शेजारच्याने सांगितलं."

ताई खुर्चीत बसल्या. पेणच्या म्हाताऱ्यांनी डोळे मिटून घेतले. माझ्या नवऱ्याच्या हातातली वाटी तशीच होती. तीन वर्षं पूर्वेच्या सीमेवर माणसं कशी पुरवायची याच्यावर हा माणूस लिहीत होता. बाकी सगळं सोडा, दादांचा मुलगाही तिथेच पुरवला गेला होता.

"शेजारचा चांगला होता मग," ताई म्हणाल्या.

"चांगला आहे. एकोणीस वर्षांचा आहे, पोरगंच. मला विचारत होता, तुझे बाबा कुठले. मी म्हटलं पनवेल. त्याने कधी ऐकलं नव्हतं. म्हणाला, ते कुठल्या बाजूला येतं? आपल्या की त्यांच्या?"

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, कुठल्याच नाही. पनवेलला बाजू नसतात."

फोन स्पीकरवर होता. खोलीतल्या प्रत्येकाने ऐकलं. कट्ट्यावरचे सहाही जण वाटीत बघत होते. ताई फ्लॅट विकून मुलाकडे जाणार अशी कुणकुण लागल्यावर, गेल्याच महिन्यात, यातले तिघं ताईंच्या दारात येऊन गेले होते. "विकाल तेव्हा कोणाला विकताय ते जरा बघून घ्या हं. आपल्या बिल्डिंगमध्ये अजून 'ते' लोक नाहीत," असं सांगून गेले होते. त्याच्या आधी सोसायटीची मीटिंग झाली, तिथेही हेच बोललं गेलं. माझा नवरा तिथे हजर होता आणि त्याने तोंड उघडलं नव्हतं. घरी येऊन लगेच टेबलाशी बसला होता, बेलपाड्याच्या बुरुजावर पहारा वाढवायला.

"बरोबर सांगितलंस, बाळा," ताई म्हणाल्या. मग त्यांनी मान वर केली आणि फोन ठेवण्याआधी आमच्यातल्या एकेकाकडे बघितलं.